नारळाची चिवट गोळी : तीच कृती कारवारला मऊ आणि बेळगावात दगड, असे का होते?

टिळकवाडीची लेक

नमस्कार मंडळी. मला नारळाच्या दुधाची चिवट गोळी घरी करायची आहे आणि दोन वेळा हात पोळून घेतल्यावर तुमच्याकडे आले आहे. मी खोबऱ्याच्या वडीबद्दल विचारत नाही, हे आधीच सांगते. वडी दाताखाली मोडते. ही गोळी दाताखाली दबते, थोडी ताणली जाते आणि चघळता चघळता विरघळते. तिच्यात चोथा नसतो, कारण खोबरे पिळून फक्त दूध घेतलेले असते.

माझ्या वन्सं कारवारला असतात. दिवाळीत त्यांनी केलेल्या गोळ्या आम्ही खाल्ल्या आणि माझ्या सासूबाईंना त्या इतक्या आवडल्या, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबरोबर प्रत्येकीच्या हातावर दोन गोळ्या ठेवायच्या, असे त्यांनी ठरवूनच टाकले. आमच्याकडे साठेक बायका येतात. वन्संची कृती अशी आहे : दोन मोठ्या नारळांचे घट्ट दूध ४०० मिलिलिटर, साखर ३०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम, चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ. सगळे जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवायचे आणि ११९ अंश सेल्सिअसला उतरवून तूप लावलेल्या ताटात ओतायचे.

पहिल्या वेळी घरात ग्लुकोज नव्हते, म्हणून मी साखरच ४५० ग्रॅम घेतली. ताटात ओतले तेव्हा सगळे छान दिसत होते, पण तासाभरात कडेने पांढरी झाक धरली आणि संध्याकाळपर्यंत सगळा पाक साखरला. दुसऱ्या वेळी रविवार पेठेतून ग्लुकोज आणले, नवीन तापमापक आणला आणि वन्संना फोनवर धरून बरोबर ११९ अंशांवर भांडे उतरवले. गोळी गुळगुळीत झाली, चमकदार झाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती दातांनी तुटेना. शेवटी बत्त्याने फोडावी लागली. त्याच आठवड्यात वन्संनी त्याच मापाने केलेली गोळी मऊ झाली होती. माझे कुठे चुकते आहे?

शहापूरची सुगरण

ताई, एवढा खटाटोप कशासाठी करता? आपल्याकडे खवलेला नारळ आणि साखर समप्रमाणात घेऊन जी वडी करतात, कानडी शेजारणी जिला कोब्बरी मिठाई म्हणतात, ती हळदीकुंकवाला शोभून दिसते आणि म्हाताऱ्या माणसांनाही चावते. ग्लुकोज हे कारखान्यांत वापरायचे द्रव्य आहे आणि घरच्या गोडात ते घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निपाणीचे गुरुजी

मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे आणि पाकाचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी तुमच्या पहिल्या फसलेल्या घाण्याबद्दल. पाक आटत जातो तेव्हा थोड्या पाण्यात खूप साखर कोंडलेली असते आणि ती संधी मिळताच पुन्हा स्फटिक होऊ पाहते. भांड्याच्या कडेला चिकटलेला साखरेचा एक कण पाकात पडला, तरी त्याच्याभोवती कणांची रांग लागते आणि पाहता पाहता सगळा पाक रवाळ होतो. वडीला आपल्याला हेच हवे असते; म्हणूनच आपण वडी घोटतो आणि ती थापताना कोरडी पडू लागली की समाधान मानतो. चिवट गोळीत मात्र हे स्फटिक होऊच द्यायचे नसतात.

ग्लुकोज तिथे उपयोगी पडते. त्याचे रेणू साखरेच्या रेणूंपेक्षा वेगळे असल्यामुळे ते साखरेला रांगेत बसू देत नाहीत. सुगरणताईंना ग्लुकोज नको असेल, तर लिंबाचा रस घालण्याचा जुना मार्ग आहे. आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचा काही भाग दोन साध्या शर्करांमध्ये फुटतो आणि त्या शर्करा ग्लुकोजचेच काम करतात. अडचण एवढीच, की किती साखर फुटली हे घरी मोजता येत नाही. रस जास्त झाला किंवा पाक फार वेळ उकळला, तर गोळी बसतच नाही आणि कायमची चिकट राहते. म्हणून नवख्या हाताने मोजून ग्लुकोज घ्यावे, असे मी सुचवेन.

आणखी दोन गोष्टी पाळा. सुरुवातीला साखर पूर्ण विरघळेपर्यंत भांड्याच्या कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. ओतताना भांड्यात जे आपोआप ओघळते तेवढेच ताटात घ्या. खरवडलेला भाग वेगळ्या वाटीत काढा, कारण साखरण्याची सुरुवात बहुधा त्या खरवडीपासून होते.

खानापूरकर

आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही गोळी करू नये, हे अनुभवाने सांगतो. आषाढातल्या हवेत ती अर्ध्या तासात घाम फुटल्यासारखी ओली होते आणि कागदाला चिकटते. साखर हवेतला ओलावा ओढते आणि ग्लुकोज घातलेली गोळी तर जास्तच ओढते. पौष महिना या कामाला उत्तम आहे.

संकेश्वरचे गुऱ्हाळ

ग्लुकोजवरून वाद होतो आहे, म्हणून आमच्या भागातला पर्याय सांगतो. हिरण्यकेशीच्या काठी आमचा ऊस आहे आणि वडिलांच्या वेळेपासून हंगामात गुऱ्हाळ चालते. ताई, तुम्ही काकवी वापरून पाहा. उसाचा रस कढईत आटवताना गूळ होण्याच्या बराच आधी जो दाट, धार धरणारा टप्पा येतो, तिथे तो उतरवला की काकवी होते. गुरुजींनी सांगितलेल्या फुटलेल्या शर्करा काकवीत मुळातच असतात, म्हणून तर ती बरणीत पातळ राहते. आमच्या घरी आई नारळाचे दूध, साखर आणि काकवी घालून चिवट पाक करते आणि तो आजवर साखरलेला मी पाहिलेला नाही. रंग तांबूस येतो आणि चव अशी येते, की ती ग्लुकोजला येणे शक्य नाही.

निपाणीचे गुरुजी

काकवीची सूचना मोलाची आहे, फक्त एक भर घालतो. काकवी आणि गूळ दोन्ही किंचित आम्लधर्मी असतात. गुळाने गाईचे दूध फाटते हे प्रत्येक घरी माहीत असते. नारळाचे दूधही काकवीबरोबर उकळताना कधी कधी दाणेदार दिसू लागते. चिमूटभर खाण्याचा सोडा आधी काकवीत घालून ढवळला, तर हा त्रास टळतो. सोडा घातल्यावर फेस खूप येतो आणि रंगही जास्त गडद होतो, त्यामुळे भांडे उंच घ्यावे.

संकेश्वरचे गुऱ्हाळ

गुरुजी, सोडा घातल्याने काकवीची मूळ चव थोडी बोथट होते असे मला वाटते. आई सोडा घालत नाही. ती काकवी सुरुवातीला न घालता, दूध आणि साखर अर्धे आटल्यावर घालते.

कॅम्पातली शेजारीण

आमचे मूळ गोव्याचे. नाताळात आमच्या घरी दोदोल होते, म्हणजे नारळाचे दूध, काळा गूळ आणि तांदळाचे पीठ. तेही चिवटच असते. दोन-तीन तास ढवळावे लागते आणि गोळा भांडे सोडून कडेने तेल सुटू लागले, की ताटात ओततात. ताईंना तापमापकाचा कंटाळा आला असेल, तर दोदोल करून त्याचे तुकडे वाटता येतील. दोदोलात पाकाची धास्ती नसते. आमच्याकडे दोन हात दमले की तिसरा हात उलथने घेतो. एकट्या बाईने दोदोल करायला घेऊ नये, असे आजी सांगत असे.

टिळकवाडीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. सुगरणताई, वडी मलाही प्रिय आहे आणि ती आमच्याकडे गौरीला होतेच. पण सासूबाईंना चघळायची गोळी हवी आहे. त्यांचे माहेर कारवारचे आहे आणि त्या चवीशी त्यांच्या काही आठवणी जोडलेल्या आहेत, म्हणून माझा हा आग्रह. शेजारीणताई, दोदोलाचा पोत पीठ शिजून फुगल्यामुळे येतो आणि या गोळीचा आटलेल्या पाकामुळे, त्यामुळे दोन्हींचे चघळणे वेगळे लागते. पण नाताळात तुमच्याकडे चव घ्यायला नक्की येईन.

गुरुजींमुळे माझा पहिला प्रश्न सुटला. दुसरा मात्र तसाच आहे. ग्लुकोज होते, माप तेच होते, ११९ अंशही तेच होते. मग कारवारला मऊ आणि इथे दगड असे का व्हावे?

सदाशिवगडचा

मी कारवारजवळच राहतो आणि ११९ हा आकडा बरोबर आहे. मी तर कधी कधी १२० अंशांपर्यंत नेतो, तरी गोळी चघळता येते. तुमचा तापमापक बुडाला टेकला असेल किंवा आच मोठी असेल. मोठ्या आचेवर भांड्याच्या तळाशी एक तापमान असते आणि वर दुसरे. दोष कृतीत नाही, मोजण्यात आहे.

टिळकवाडीची लेक

तापमापकाला चिमटा आहे. मी त्याचे टोक बुडापासून बोटभर वर ठेवले होते आणि आचही शेवटपर्यंत मंदच होती.

सांबऱ्याचा प्रवासी

तापमापकाला दोष देण्याआधी ताईंनी एक साधा प्रयोग करावा. नुसते पाणी खळखळ उकळू द्यावे आणि त्यात तापमापक धरून आकडा वाचावा. माझा अंदाज आहे, की तो १०० दाखवणार नाही.

कारण असे आहे. कारवार समुद्राच्या काठावर आहे आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी लवकर उकळते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला उकळबिंदू एक अंशाने उतरतो. म्हणजे बेळगावात पाणी साधारण ९७.५ अंशांना उकळते. पाकाचे तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरले आहे याची खूण असते. ती खूणही तेवढ्याच अंशांनी खाली सरकते. कारवारला ११९ अंशांवर पाकात जेवढे पाणी उरते, तेवढे बेळगावात ११६.५ अंशांनाच उरलेले असते. ताईंनी इथे ११९ गाठले, म्हणजे वन्संच्या हिशेबाने तो पाक १२१.५ अंशांपर्यंत नेला. गोळी घट्ट होणारच.

टिळकवाडीची लेक

आत्ताच पाणी उकळून पाहिले. तीन वेळा वाचले. ९७ आणि ९८ च्या मधोमध काटा थांबतो आहे! इतकी वर्षे या गावात स्वयंपाक करते आहे आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

सदाशिवगडचा

मी माझे शब्द मागे घेतो. ताईंच्या मोजण्यात चूक नव्हती. हे मला खरोखरच ठाऊक नव्हते.

निपाणीचे गुरुजी

सांबऱ्याच्या मित्रांनी नेमके कारण दाखवले, आणि जे मी वर्गात दरवर्षी शिकवत आलो ते इथे मला सुचले नाही, याचे मला वाईट वाटले. त्यांच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो, कारण अडीच अंशांनी गोळी घट्ट होईल, पण बत्त्याने फोडावी लागण्याइतकी होण्यामागे आणखी काही असावे.

पहिली गोष्ट जाड बुडाच्या भांड्याची. ते चुलीवरून उतरवल्यावरही आतली उष्णता पाकाला देत राहते. ताट शोधण्यात, तूप लावण्यात दोन मिनिटे गेली, तर पाक तेवढ्यात आणखी पुढे जातो. ताट आधी तयार ठेवावे आणि हव्या असलेल्या आकड्याच्या एक अंश आधीच आच बंद करावी.

दुसरी गोष्ट थंडीची. नारळाची चरबी साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. म्हणून तर आपल्याकडे पौषात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. या गोळीत दहा-बारा टक्के तरी तीच चरबी असते. कारवारला डिसेंबरातही दिवसा ती मऊ राहते. बेळगावच्या सकाळी ती गोठते आणि गोळी आहे त्यापेक्षा कितीतरी कडक लागते. ताई, त्या फसलेल्या गोळ्या शिल्लक असतील, तर एक मुठीत दोन मिनिटे धरून मग चावून पाहा.

टिळकवाडीची लेक

गुरुजी, पाहिले. मुठीत धरल्यावर फरक पडतो, कडेने दातांचे ठसे उमटतात. पण मध्यभाग घट्टच राहतो. म्हणजे दोन्ही कारणे खरी आहेत.

संकेश्वरचे गुऱ्हाळ

ही सगळी चर्चा वाचताना मला आमच्या गुळव्याची आठवण झाली. त्याच्याजवळ तापमापक नसतो आणि त्याला त्याची गरजही पडत नाही. काहिलीतला रस घट्ट होऊ लागला, की तो गार पाण्याने भरलेली वाटी शेजारी घेऊन बसतो. दांड्याच्या टोकाने थेंब घेतो, पाण्यात सोडतो आणि बोटांनी पाण्याखालीच तो गोळा करतो. आधी थेंब पसरतो. मग मऊ गोळी होते, पण बाहेर काढली की बोटावरच बसते. त्यानंतरची गोळी बाहेर काढल्यावर आकार धरून राहते आणि दाबली तरच चपटी होते. गूळ त्याच्याही पुढे, ढेप बसेल इतका न्यावा लागतो. पण ताईंना हवी असलेली जागा हीच, जिला घरात आपण गोळीबंद पाक म्हणतो.

ही परीक्षा कारवारला करा, बेळगावला करा किंवा महाबळेश्वरला करा, सारखीच लागू पडते, कारण तिथे आकडा वाचायचा नसून पाक प्रत्यक्ष बोटांनी पाहायचा असतो. थेंब घेताना आच बंद करायला मात्र विसरू नका, नाही तर तुम्ही परीक्षा घेत असता आणि पाक पुढे निघून जातो. आमच्या गुळव्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा या कामाने गुळगुळीत झाले आहेत, आणि त्या दोन बोटांवर आमचा सगळा हंगाम अवलंबून असतो.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर नोकरी केली आहे आणि या गोळीच्या मूळ मुलखातून एकदा फिरलो आहे, म्हणून थोडे सांगतो. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात बेन्ट्रे नावाचा भाग आहे. तिथे जिकडे पाहावे तिकडे नारळ आहेत आणि ही गोळी ही तिथली ओळख आहे. नारळाचे घट्ट दूध, साखर आणि माल्टचे दाट पाणी मोठ्या कढईत आटवतात, पट्ट्यांच्या साच्यात ओततात आणि सुरीने तुकडे करतात. प्रत्येक तुकडा आधी तांदळाच्या पातळ, खाता येणाऱ्या कागदात गुंडाळतात आणि मग बाहेरचा कागद येतो. मी पहिल्यांदा तो आतला कागद सोलायला लागलो, तेव्हा तिथल्या बाईंनी हात धरून तसाच खायला सांगितले. जिभेवर ठेवताच तो विरतो. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ही सोय आहे, आणि खानापूरकरांच्या पावसाळी तक्रारीवर तेच उत्तर असावे.

बिदरची मावशी

माल्टचे दाट पाणी म्हणजे आपण बाळांना देतो ते नाचणीचे सत्त्व का? ते आमच्या घरी नेहमी असते.

निपाणीचे गुरुजी

नाही मावशी. नाचणीच्या सत्त्वात पिठूळ भाग तसाच असतो. तिथे मोड आलेले धान्य शिजवलेल्या भातात मिसळून साधारण ६० अंशांच्या उबेत काही तास ठेवतात. मोडांमधल्या पाचकरसाने भातातल्या पिठाची माल्टोज नावाची शर्करा होते. मग ते गाळून मधासारखे आटवतात. ग्लुकोज, काकवी आणि हे माल्ट, तिघांचेही काम एकच, साखरेला स्फटिक होऊ न देणे. प्रत्येक मुलखाने आपल्या शेतात जे पिकते त्यातून ते काम करून घेतले आहे.

अथणीची वहिनी

आमच्याकडे चांगले नारळ महाग मिळतात, म्हणून मी डब्यातले नारळाचे दूध वापरले. शेवटी शेवटी पाकावर तेल तरंगू लागले आणि ताटात ओतल्यावर गोळी एकीकडे आणि तेल दुसरीकडे अशी गत झाली. दूध वाईट होते का?

कॅम्पातली शेजारीण

वहिनी, दूध वाईट नसावे. आच मोठी झाली किंवा शेवटी ढवळणे थांबले, की नारळाचे तेल वेगळे होते. दोदोलात तेच तेल सुटले की आम्ही खूष होतो, पण इथे ते आतच राहायला हवे. पुढच्या वेळी तेल दिसू लागताच आच अगदी बारीक करा, दोन चमचे कढत पाणी घाला आणि गोळा एकजीव होईपर्यंत हलके ढवळत राहा. पाणी जपून घाला, कारण वाफ एकदम हातावर येते. दोन चमचे आटवलेले गोड दूध सुरुवातीलाच घातले, तरी तेल धरून राहते. गाईच्या दुधातली प्रथिने ते काम करतात.

येळ्ळूरची नात

एक काळजीची गोष्ट राहून गेली आहे. असा पाक हातावर उडाला, तर तो पाण्यासारखा ओघळत नाही, तिथेच चिकटून भाजत राहतो. मुलांना चुलीपासून दूर ठेवा आणि जवळ गार पाण्याचे भांडे असू द्या. शिवाय ज्यांना कवळी आहे त्यांना आणि अगदी लहान मुलांना ही गोळी देऊ नका. माझ्या आजोबांची कवळी अशाच एका चिवट गोळीने निघाली होती आणि त्या दिवसानंतर त्यांना वडीच देतो. हळदीकुंकवात वयस्कर बायका असतील, तर त्यांच्यासाठी सुगरणताईंची वडीही ठेवावी.

टिळकवाडीची लेक

मंडळी, आज दोन घाणे केले. सविस्तर सांगते.

सकाळी दोन नारळ फोडले, विळीवर खवले, पाऊण वाटी कोमट पाणी घालून मिक्सरमधून काढले आणि पंचातून पिळले. सासूबाई शेजारी बसून खवलेल्या ढिगातले काळपट कण वेचत होत्या. ४०० मिलिलिटर दूध निघाले. त्यात आटवलेले गोड दूध दोन चमचे, साखर, ग्लुकोज, लोणी आणि मीठ घातले. साखर विरघळेपर्यंत कडा ओल्या ब्रशने पुसल्या. पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटले, नुसता पांढरा फेस वर येत होता. मग बुडबुडे मोठे आणि आळशी झाले, फुटताना पुटपुट असा आवाज येऊ लागला आणि रंग सायीसारखा झाला. आकडा ११० नंतर फार हळू चढतो. तिथे माझा धीर सुटत होता, पण आच वाढवली नाही.

११५ अंशांना आच बंद करून थेंब पाण्यात सोडला. गोळी झाली, पण बोटावर बसली. पुन्हा मिनिटभर आच दिली. तापमापकाने ११६ दाखवले तेव्हाची गोळी पाण्याबाहेर आकार धरून राहिली आणि अंगठ्याने दाबल्यावर हळूच चपटी झाली. तिथेच उतरवले. ताट तयार होते, लगेच ओतले, भांडे खरवडले नाही. दोन तासांनी तेल लावलेल्या सुरीने कापले. सुरी खाली जाताना किंचित अडखळत होती आणि कापलेली कड आरशासारखी चमकत होती. अर्ध्या किलोच्या वर माल निघाला, पासष्ट तुकडे झाले.

दुसरा घाणा दुपारी संकेश्वरच्या दादांच्या आईंच्या पद्धतीने केला, ग्लुकोजच्या जागी काकवी, तीही निम्मे आटल्यावर. सोडा घातला नाही आणि दूध फाटले नाही. गुरुजी, किंचित दाणे मधे दिसले होते, पण ढवळताना ते विरले. हा पाक ग्लुकोजच्या पाकापेक्षा थोडा मऊ बसला आणि हाताला जास्त चिकटतो.

सासूबाईंनी दोन्ही खाल्ल्या. पांढरी तोंडात घातल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "ही कारवारची." काकवीची खाऊन म्हणाल्या, "ही आपली." हळदीकुंकवाला प्रत्येकीला एक पांढरी आणि एक तांबूस द्यायची, असे ठरले आहे. वयस्कर बायकांसाठी वडीही करते आहे.

शहापूरची सुगरण

ताई, तुमचे वाचून मला मनापासून आनंद झाला. ग्लुकोजबद्दलचे माझे मत अजून तेच आहे, पण काकवीची गोळी मी येत्या रविवारी करणार आहे. दोन गोष्टी सांगा. एवढे तुकडे चिकटू न देता ठेवले कसे? आणि संक्रांतीपर्यंत टिकतील का?

टिळकवाडीची लेक

सुगरणताई, आजचे घाणे हात बसावा म्हणून केले होते आणि ते शेजारीपाजारी वाटून संपतील. ताज्या नारळाचे दूध असल्यामुळे फार दिवस ठेवण्याचा धोका मी पत्करणार नाही. वाटण्यासाठीचे घाणे संक्रांतीच्या तीन-चार दिवस आधी घालेन. तांदळाचा कागद इथे मिळाला नाही, म्हणून बटर पेपरचे बोटभर लांब-रुंद राहतील असे चौकोन कापले, प्रत्येक तुकडा गार झाल्याबरोबर त्यात गुंडाळला आणि दोन्ही टोकांना पीळ दिला. काकवीच्या तुकड्यांना आधी कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखर यांचा हलका हात लावावा लागला. मग सगळे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरले. संक्रांतीसाठी कागद कापण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे आणि आज संध्याकाळपर्यंत त्यांचे १२० चौकोन कापून झाले.